आधी झाडं, मग रस्ता

रस्तारुंदीकरणासाठी झाडं तोडणार अशी बातमी आली की दोन दिवसांत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं, की चांगला रस्ता सगळ्यांनाच हवा असतो आणि काम सुरू झालं की झाडांच्या नावाने अडवायलाही तेच लोक पुढे येतात. मग विकास व्हायचा कधी? दुसऱ्या तटाला प्रत्येक अभियंता ठेकेदाराचा माणूस वाटतो आणि तोडलेलं प्रत्येक झाड म्हणजे खून. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठीच्या वृक्षतोडीवरून पेटलेल्या नाशिकच्या तपोवनापासून आपल्या गावच्या वेशीपर्यंत हा वाद आता एकाच साच्यात चालतो, आणि माझ्या मते तो दोन्ही बाजूंनी वाईट रीतीने चालतो. ‘झाड हवं की रस्ता’ हा प्रश्नच चुकीच्या वेळी विचारला जातो. माझं म्हणणं सरळ आहे. रस्ते हवेत, कालवे हवेत, त्यासाठी काही झाडं जातील हेही मान्य. पण जुनं झाड आखणीच्या नकाशावर पहिल्या दिवसापासून असलं पाहिजे, आणि जे तोडणं खरंच टळत नाही त्याच्या बदल्यातली झाडं आधी लावून, जगवून दाखवली पाहिजेत. कुऱ्हाड त्यानंतर. सातारा-सांगलीच्या माणसाला ही मागणी परकी वाटायचं कारण नाही. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा इथल्याच नद्यांच्या खोऱ्यांत गाजली आहे.

हा वाद पेटतो केव्हा ते पाहा. रस्त्याची आखणी ठरते तेव्हा गावात कुणाला पत्ता नसतो. पाहणी होते, सल्लागार कंपनीची माणसं चौकात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून वाहनं मोजतात, प्रकल्प अहवाल तयार होतो, मोजणीचे दगड पडतात, भूसंपादनाच्या नोटिसा येतात, निविदा निघते, कार्यारंभ आदेश मिळतो. यात वर्षं जातात. आणि हे सगळं उरकल्यावर एक दिवस झाडांच्या खोडांवर नव्या रंगाने आकडे पडतात. आपण जागे होतो ते त्या दिवशी. त्या घटकेला जागेवरच्या अभियंत्याच्या हातात ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्याच्यापुढे मुदत आणि दंडाचं कलम असतं. आंदोलकांच्या हातातही एकच उपाय उरतो, खोडाला मिठी मारून उभं राहणं. दोघांनाही अशा जागी नेऊन उभं केलेलं असतं, जिथे समजुतीने बोलायला वावच नाही. बरं, जनसुनावणीत बोलू म्हटलं तर तीही प्रत्येक रस्त्याला नसते. राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा जास्त लांबीचं असेल आणि ठरावीक मर्यादेपलीकडे जादा जमीन लागणार असेल, तरच पर्यावरण मंजुरीची, आणि तिच्यातल्या जनसुनावणीची, पायरी येते. त्याहून लहान कामं या चाळणीतून सुटतात. तालुक्याला तालुका जोडणाऱ्या ज्या रस्त्यांवर आपली जुनी झाडं उभी आहेत, ते बहुतेक असेच लहान.

मुळात रस्ता आणि झाड हे दोन विरोधी पक्ष झाले कधी? अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात केलेल्या कामांची यादी दिली आहे. रस्त्यांच्या कडेने वड लावले, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून; आमराया लावल्या; विहिरी खोदल्या; विसाव्याच्या जागा बांधल्या. वड आणि विहीर त्याच्या लेखी एकाच जातीची कामं होती. आपल्याकडच्या जुन्या रस्त्यांच्या कडेचे वड, चिंचा, कडुलिंब काही पाखरांनी टाकलेल्या बियांतून रांगेत उगवलेले नाहीत. ठरावीक अंतरावर, दोन्ही अंगांना, सार्वजनिक पैशातून आणि माणसांच्या श्रमातून ती लावली गेली. बांधकाम खात्याने त्यांना नंबर दिले, गेरू-चुन्याचे पट्टे मारले. मैलाचा दगड, मोरी आणि झाड ही एकाच खात्याची मालमत्ता होती. आज जे झाड विकासाच्या आड येतं असं आपण म्हणतो, ते एका पिढीने दुसऱ्या पिढीसाठी केलेलं विकासकामच होतं. एक विकासकाम मोडून दुसरं करायचं असेल, तर पहिल्याची किंमत हिशेबात धरायला नको का?

ती धरली जात नाही, कारण त्या सावलीत बसणारा माणूस कुठल्याच मोजणीत येत नाही. वाहनगणनेत कार, ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांचे आकडे लागतात. एप्रिलच्या दुपारी मेंढरं घेऊन चालणारा धनगर, उसाच्या गाडीला जुंपलेले बैल, एसटीची वाट पाहत लेकराला पदराखाली घेऊन बसलेली बाई, रस्त्यावर द्राक्षाच्या पेट्या मांडून बसलेला शेतकरी हे सगळे त्याच रस्त्याचे वापरकर्ते. जतच्या किंवा म्हसवडच्या उन्हात सावली ही त्यांच्यासाठी शोभेची गोष्ट नाही. काच वर करून एसी लावणाऱ्याला रस्त्याकडेचं झाड गेलेलं कळतही नाही. म्हणून ‘झाडांचं कौतुक शहरी लोकांना’ हा आरोप मला उलटा वाटतो. झाड गेल्याचा पहिला चटका पायी चालणाऱ्याला बसतो.

आणि झाड तोडलं जातं ते एका दिवसात नव्हे. एखाद्या जुन्या वडाजवळ थांबून नीट पाहावं. खोडात क्लासच्या आणि दवाखान्याच्या पत्र्याच्या पाट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. जुन्या पाटीच्या कडा सालीने गिळलेल्या दिसतात. डांबर अगदी बुंध्यापर्यंत आलेलं असतं, पाणी मुरायला वीतभर माती उरलेली नसते. दुसऱ्या अंगाला गटारासाठी चर खणलेला, त्यात मांडीएवढी जाड मुळं सपासप कापलेली आणि टोकं वाळून करडी पडलेली. बुंध्याच्या खोबणीत कचरा जाळल्याची राख आणि आतून काळं पडलेलं लाकूड. ट्रकच्या हुडाला लागतात म्हणून पारंब्या छाटलेल्या. वडाची आडवी फांदी वाढते ती जमिनीत उतरलेल्या पारंब्यांच्या आधारावर; तो आधार काढून घेतला की वादळात फांदी मोडायचीच. मग एका पावसाळ्यात ती मोडते, खाली कुणी सापडलं तर घरच्यांवर आकाश कोसळतं, आणि कागदावर शेरा पडतो, ‘धोकादायक वृक्ष’. तो धोका कसा तयार झाला, याची चौकशी मात्र होत नाही.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते खरोखर वजनदार आहेत. पहिला मुद्दा दुष्काळी भागाचा. आटपाडी, जत, कवठे महांकाळ, खटाव, माण इथल्या लोकांनी चारा छावण्यांत जनावरांबरोबर दिवस काढले आहेत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी यावं म्हणून दोन पिढ्या भांडल्या. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून वर न्यायचं तर कालवे खणावे लागतात, पंपगृहं उभारावी लागतात, विजेचे मनोरे येतात, आणि त्यांच्या वाटेत झाडं येतातच. ज्याच्या शिवारात पाणी आलं त्याने पुढे बांधावर किती झाडं लावली हेही पाहावं. अशा कामाला ‘निसर्गाचा विनाश’ म्हणून विरोध करणाऱ्याशी माझं पटणार नाही. पाण्याविना माणूस गाव सोडून जातो, आणि माणूस गेलेल्या गावात झाडं जगवायलाही कुणी उरत नाही.

दुसरा मुद्दा शेतकऱ्याचा, आणि मला तो सगळ्यात अवघड वाटतो. झाड वाचवायला रस्ता वाकवायचा म्हणजे तो कुणाच्या तरी रानातून न्यायचा. त्या रानाचा मालक कोण? बहुधा दीड-दोन एकरवाला. बागेत पंधरा वर्षं घातलेल्या माणसाला ‘वड वाचवायचाय, तुझी बाग दे’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? या प्रश्नाला बगल देऊन केलेला पर्यावरणाचा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. माझं उत्तर असं आहे. पहिल्या आखणीतच तीन-चार पर्याय मांडले तर गायरान, पडीक जमीन, जुन्या रस्त्याची हद्द यांतून वाट काढता येते; निविदा निघाल्यावर काढता येत नाही. दुसरं, दोन्ही बाजूंनी सारखं रुंदीकरण करायची सवय मोडली पाहिजे. रस्ता एकाच अंगाने वाढवला तर निदान एक रांग पूर्ण वाचते, आणि जुना रस्ता झाडांसकट सेवारस्ता म्हणून राहतो. यात एका बाजूच्या शेतकऱ्याची जमीन जास्त जाते हे खरं. त्याला त्या जादा जमिनीची जादा भरपाई द्यावी. झाड सगळ्यांचं असेल तर ते वाचवण्याचा खर्च एकट्या त्याच्या माथी मारणं अन्याय आहे, आणि झाडांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही भरपाईची मागणी स्वतः पुढे केली पाहिजे.

तिसरा मुद्दा अपघातांचा. पश्चिम बंगालमधल्या जेसोर रोडचा खटला या संदर्भात नेहमी सांगितला जातो, पण अर्धाच. तिथे पाच रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये झाडाच्या मोलाचा हिशेब मांडला: वर्षाला ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचं वय. झाडांची बाजू घेणारे इथे थांबतात. पुढे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ती ३५६ झाडं तोडायला परवानगी दिली, कारण तिथे फाटकावर आणि रस्त्यावर माणसं मरत होती. विकासाची बाजू घेणारे एवढंच सांगतात. मला या निकालाचे दोन्ही भाग मान्य आहेत. आंधळ्या वळणावरचं, आतून पोकळ झालेलं झाड जायलाच हवं. रात्री दुचाकीवरून येणाऱ्या पोराच्या जिवापुढे त्याची बाजू मी मांडणार नाही. पण बहुतेक जागी झाड होतं तिथेच आहे, डांबर सरकत सरकत त्याच्यापर्यंत गेलं. झाडांची रांग मुख्य रस्ता आणि सेवारस्ता यांच्या मधे ठेवून, कठडे आणि परावर्तक लावून ती सुरक्षित करता येते. आणि वेगाचं काय? गावातून जाणारा रस्ता ऐंशीच्या वेगासाठी आखायचा आणि मग झाडाला अपघाताचा आरोपी करायचं, हा न्याय झाला का?

त्या ७४,५०० च्या आकड्यावर थोडं थांबू. ऐंशी वर्षांच्या एका वडाचं मोल या हिशेबाने ५९ लाख ६० हजार रुपये होतं. आपल्याकडे तो तोडला जातो तेव्हा जमा होते ती लाकडाची किंमत, आणि वडाच्या लाकडाला वखारीत भाव तो काय. मी असं म्हणत नाही की प्रत्येक झाडामागे साठ लाख रुपये खर्च करा. पण आखणीच्या टप्प्यावर दोन पर्यायांची तुलना होते तेव्हा एका बाजूला जमिनीचा, भरावाचा, पुलाचा खर्च रुपयांत मांडलेला असतो आणि झाडांच्या रकान्यात नुसती संख्या असते. ज्याच्यापुढे रुपये लिहिलेले नाहीत ते कुठल्याही अंदाजपत्रकात हरणारच. साठ लाखांचे दहा वड एका पर्यायात असते, तर कितीतरी आखण्या आपोआप बदलल्या असत्या, कुणीही आंदोलन न करता.

यावर ठरलेलं उत्तर येतं: एका झाडामागे दहा लावू. हा आकडा ऐकायला उदार वाटतो. पण २०१६ मध्ये महाराष्ट्राने २ कोटी झाडं लावायचं ठरवलं, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. आणि पुढे त्यातली जगली किती हे तपासायला विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. लावलेल्या झाडांचे आकडे आपण मोठ्याने सांगतो, जगलेल्यांचे हळू आवाजात. महामार्गांच्या हरित धोरणात २०१५ पासून प्रकल्पखर्चाचा एक टक्का लागवडीसाठी ठेवायची तरतूद आहे. त्यातून दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल येते, कडेला लवकर वाढणारी परदेशी झाडं येतात. कण्हेरीखाली कोण बसणार आहे? पाचवडजवळ, वैराटगडाच्या पायथ्याला म्हसवे गावी जो वड आहे, त्याचा घेर ब्रिटिश काळातल्या नोंदीत १५८७ फूट दिला आहे. वडाची फळं पिकली की हरियल, तांबट, कोकीळ, रात्री वटवाघळं अशी रीघ लागते. असं एक झाड आणि दहा काटक्या यांचं समीकरण मांडणारी वजाबाकी मला मान्य नाही.

कायद्याने हे थोडंफार ओळखलं आहे. शहरी भागांसाठी १९७५ चा जो वृक्षसंरक्षण कायदा आहे, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं. तो तोडायचा तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची आणि ती सात वर्षं सांभाळायची. तरतूद चांगली आहे. पण ती नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीपुरती. सातारा किंवा मिरज शहराच्या हद्दीतला ऐंशी वर्षांचा वड ऐंशी झाडांचा हक्कदार. त्याच रस्त्यावर हद्द ओलांडून उभा असलेला त्याच्याच वयाचा जोडीदार १९६४ च्या जुन्या वृक्षतोड कायद्याच्या भरवशावर, जो अनुसूचीतल्या ठरावीक जातींपुरताच बोलतो. झाडाचं वय हद्दीच्या दगडाने बदलतं का?

आणि नवीन झाडं लावून जंगल होतच नाही असंही नाही. त्याचा पुरावा सांगली जिल्ह्यातच आहे. देवराष्ट्रेजवळचं सागरेश्वर. बोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी झाडं लावली, कुंपण घातलं, चराई थांबवली, वर्षानुवर्षं राखण केली, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. माणसाने उभं केलेलं जंगल म्हणून ते दाखवलं जातं. पण ते झालं कशाने? जमीन निश्चित होती, राखणदार होते, आणि पाठपुरावा करणारा माणूस आयुष्यभर तिथेच होता. भरपाईची झाडं लावणाऱ्या ठेकेदाराचा करार संपतो तेव्हा रोपांची उंची गुडघ्याएवढी असते. सागरेश्वरचं उदाहरण देणाऱ्याने सागरेश्वरच्या अटीही स्वीकाराव्यात.

म्हणून ‘आधी’ या शब्दावर माझा एवढा भर आहे, आणि त्याची मुळं कोयनेत आहेत. कोयनेने महाराष्ट्राला वीज दिली. १०५ टीएमसीच्या त्या धरणाशिवाय आपले कारखाने आणि आपल्या घरातले दिवे यांची कल्पना करवत नाही, आणि ते बांधायला नको होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांची गावं धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली त्यांना जमिनीचं आश्वासन ‘नंतर’च्या तारखेचं मिळालं. साठ वर्षं झाली, नातवंडं मोर्चात चालतात. धरणात पाणी अडल्यावर, वीज सुरू झाल्यावर, विस्थापिताच्या हातात सरकारला अडवण्यासारखं काही उरतच नाही. हे ज्यांनी ओळखलं त्या नागनाथअण्णा नायकवडींनी, डॉ. भारत पाटणकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारो धरणग्रस्तांनी ‘आधी पुनर्वसन’ हा आग्रह धरला आणि कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. माणसांना तरी मोर्चा काढता येतो. झाडाला नंतरचं आश्वासन दिलं तर ते मोडल्याचं सांगणार कोण? आखणीपासून कार्यारंभापर्यंत जी चार-पाच वर्षं जातात तेवढ्यात वडाचं रोप छातीच्या वर जातं. भूसंपादनाच्या पहिल्या नोटिशीबरोबर बदली झाडांची जमीन ताब्यात घ्यावी, देशी रोपं लावावीत, आणि तोडीच्या परवानगीच्या अर्जाला जगलेल्या रोपांचा पंचनामा जोडावा. त्यासाठी प्रकल्प एक दिवसही लांबायचं कारण नाही.

शिवकालाचा दाखला या वादात दोन्ही बाजूंनी दिला जातो, तोही पुरता वाचावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणायचं याचा हुकूम आहे. राज्याला आरमार हवंच होतं. आजच्या भाषेत तो संरक्षणाचा पायाभूत प्रकल्प. सागवान लागेल तेवढं हुजूर परवानगीने तोडावं, जास्त लागलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबे-फणसांचं लाकूडही आरमाराला उपयोगी, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. आणि एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलंच असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. जबरदस्ती करू नये. यात ‘झाड तोडू नका’ एवढंच वाचणारा पर्याय, परवानगी आणि मोबदला सोडून देतो. ‘राज्यासाठी तोडावंच लागतं’ एवढंच वाचणारा संमती सोडून देतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याने जी पायऱ्यांची शिस्त लिहून ठेवली, ती आजच्या प्रकल्प अहवालात का नसावी?

भोसेच्या वडाने हे आपल्याच जिल्ह्यात दाखवलं. मिरज तालुक्यात यल्लम्मा मंदिराजवळचा तो सुमारे चारशे वर्षांचा वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या वाटेत आला. जुलै २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, लोक उभे राहिले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं आणि आखणी बदलायचं ठरलं. म्हणजे रस्ता वाकू शकतो. ज्या नकाशावर तो वड मुळात यायला हवा होता, तो नकाशा काढताना चारशे वर्षांचं झाड दिसलं कसं नाही, हा माझा प्रश्न आहे. प्रत्येक वडाला मंत्र्याचं पत्र मिळणार नाही. शिवाय आखणी बदलली म्हणजे काम संपलं असंही नाही. वडाची मुळं फांद्यांच्या घेरापलीकडे पसरलेली असतात. बाजूने भराव आणि खोदाई करताना ती तुटली तर खोड वाचवूनही झाड वाचत नाही.

झाडांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही मला मागायचं आहे. आपल्याला फोटोत शोभणारं मोठं झाडच दिसतं. बोर, हिवर, बाभळ तोडली तर कुणी येत नाही. आणि झाडं मोजायच्या नादात जिथे झाडं नाहीत ती जमीन आपण मोकळी समजतो. माण-खटावचं माळरान हे गवताळ रान आहे; तिथे मेंढरं चरतात, लांडगा राहतो, माळढोक आणि तणमोराच्या जातीचे पक्षी अशाच रानांवर जगले. भरपाईची लागवड करायला ‘पडीक’ म्हणून हेच माळ निवडले जातात. कासच्या पठाराचं तर विचारूच नका. कातळावर वीतभर माती, तीत पावसाळ्यापुरती फुलणारी रोपं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलेली ही जागा. नवीन महाबळेश्वर या नियोजित गिरिस्थान प्रकल्पात सातारा, जावळी, पाटणची गावं येतात, सुरुवातीच्या आराखड्यातच २३५. कासच्या पठारासारख्या कातळी सड्यावरून रस्ता आणि बांधकाम नेलं तर एकही झाड न तोडता सगळं घालवता येईल, आणि वृक्षतोडीच्या रकान्यात शून्य लिहिलं जाईल. तोच प्रकार पाण्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पाण्यात बसलेल्या सांगलीकराला विचारा, पूरपट्ट्यात उंच भराव टाकून नेलेला रस्ता म्हणजे काय. नागपूर ते गोवा आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाला विरोध करणारे शेतकरी जमिनीबरोबर हाही मुद्दा मांडत आले आहेत, आणि तो झाडांच्या आकड्यात कुठेच बसत नाही.

मग आखणीच्या आधी झाड नकाशावर आणायचं कसं? त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अनेक गावांत ही वही बाहेरच्या संस्थेने भरून दिलेली, कपाटात बंद आहे. ती बाहेर काढावी. शाळेतल्या पोरांनी मोबाइल घेऊन रस्त्याकडेचं, ओढ्याकाठचं, देवळाजवळचं प्रत्येक जुनं झाड टिपावं: जात, बुंध्याचा घेर, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, कोणती घरटी, सावलीत कोण बसतं, म्हाताऱ्या माणसांना त्याचं वय काय आठवतं. गायरान आणि माळही त्यात लिहावेत. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ती यादी वाचून ठराव करावा, आणि ठरावाची प्रत बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी. आवक क्रमांकासह पोच घ्यावी. उद्या त्या गावातून रेघ ओढणाऱ्या सल्लागाराला ‘इथे झाड असल्याचं माहीत नव्हतं’ असं लिहिता येणार नाही, आणि लिहिलंच तर कोर्टात ती पोच दाखवता येईल.